खालीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास...

मराठीच्या प्राध्यापकाकडे विद्यार्थी शंका घेऊन येतो तेव्हा ती शंका बहुधा एखाद्या वृत्ताची असते, जुन्या शब्दाच्या अर्थाची असते किंवा (खरे सांगायचे तर सर्वाधिक वेळा) परीक्षेला काय येईल याची असते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी तर्कक्षमता चाचणीचे जाडजूड पुस्तक छातीशी धरून विभागात आली, तेव्हा मी तिला सवयीने तत्त्वज्ञान विभागाची वाट दाखवली. तत्त्वज्ञान विभाग आमच्या महाविद्यालयात आता उरलेला नाही, हे तिनेच मला नम्रपणे आठवून दिले. पदवीनंतर तिला कायद्याकडे जायचे होते. प्रवेशपरीक्षेच्या सरावात एका प्रकारचे प्रश्न तिचे हमखास चुकत होते. "मॅडम, उतारा समजतो, पर्यायही सगळे समजतात, पण मी निवडते तेच चुकीचे निघते," ती म्हणाली. हे वाक्य ऐकून मी चमकले. उतारा समजणे आणि तरीही उत्तर चुकणे ही तक्रार तर मी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासताना स्वतःशीच करत आले होते.

तो प्रश्नप्रकार वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. चार-सहा ओळींचा उतारा दिलेला असतो. त्यात काही आधार मांडून एक निष्कर्ष काढलेला असतो. खाली चार किंवा पाच विधाने असतात आणि विचारलेले असते की, यांपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, वरील युक्तिवादाला सर्वाधिक बळकटी देईल? अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेचा हा कणाच आहे. ऑगस्ट २०२४ पासून त्या परीक्षेतील कोड्यांचा विभाग काढून टाकण्यात आला. आता गुण मोजले जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन विभाग अशाच युक्तिवाद-विचाराचे असतात. व्यवस्थापनशास्त्राच्या जीमॅटमध्ये हे प्रश्न पूर्वीपासून आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी घेतल्या जाणाऱ्या क्लॅट परीक्षेने २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेली रचना स्वीकारली आणि तेव्हापासून बारावीची मुलेही या वाटेला लागली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ साली सीसॅट आले आणि २०१५ पासून ते केवळ पात्रतेपुरते उरले, तरी उताऱ्यामागचे गृहीतक शोधा, निष्कर्ष शोधा, असे या प्रश्नांचे भावंड तिथेही भेटतेच.

साहित्याच्या माणसांना या साऱ्याविषयी एक सुप्त तुच्छता असते. मलाही होती. पाच पर्यायांत मावणारे ते कसले वाचन, असे आपण म्हणतो आणि कवितेकडे वळतो. या लेखात मला या तुच्छतेच्या विरोधात बोलायचे आहे. हे प्रश्न थोर आहेत असे माझे म्हणणे नाही. पण ते ज्या एका गोष्टीकडे बोट दाखवतात, तीच आपल्या वर्गांत आणि आपल्या समीक्षेत सर्वांत दुबळी आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

त्या विद्यार्थिनीसाठी मी नंतर एक प्रश्न स्वतःच रचला. तो असा. एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाने वार्षिक वर्गणी निम्मी केली. त्यानंतरच्या वर्षभरात सभासदसंख्या दुप्पट झाली. यावरून असे दिसते की, वर्गणी कमी केल्यामुळे सभासद वाढले. आता पर्याय. पहिला: वाचनसंस्कृती टिकवायची तर वाचनालयाची वर्गणी सर्वसामान्यांना परवडणारी असली पाहिजे. दुसरा: सभासदसंख्येची नोंद जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी तपासली असून ती अचूक आढळली आहे. तिसरा: शेजारच्या, परिस्थितीने बऱ्याच सारख्या असलेल्या तीन तालुक्यांत वर्गणी पूर्वीइतकीच राहिली आणि तेथील वाचनालयांच्या सभासदसंख्येतही त्या वर्षी फरक पडला नाही. चौथा: वर्गणी कमी करताना सभासद नक्की वाढतील असा विश्वास कार्यकारिणीने व्यक्त केला होता. पाचवा: त्याच वर्षी वाचनालयाने स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांसाठी अभ्यासिका उघडली आणि तिथे बसण्यासाठी सभासदत्व अनिवार्य केले.

हा प्रश्न मी पुढे एम.ए.च्या वर्गालाही घातला. निम्म्याहून अधिक हात पहिल्या पर्यायावर वर झाले. मला याचे हसू आले नाही, उलट थोडे वाईट वाटले, कारण ही निवड आम्हीच त्यांना शिकवलेली आहे. पहिला पर्याय उदात्त आहे. त्यात 'संस्कृती' आहे, 'सर्वसामान्य' आहे, 'पाहिजे' आहे. पण वर्गणी परवडणारी असली पाहिजे, याने वर्गणी कमी केल्यामुळे सभासद वाढले हे किंचितही अधिक संभाव्य होत नाही. काय असावे याचे ते विधान आहे. युक्तिवाद मात्र काय घडले आणि कशामुळे घडले याचा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला मूल्यविधान दिसले की त्याचा हात आपोआप तिकडे जातो, जसा देवळाशेजारून जाताना छातीकडे जातो.

उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी दुसरा निवडला. ही चूक अधिक शिकवणारी आहे. दुसऱ्या विधानाने बळकटी येते, हे खरेच. ती येते आधाराला. सभासद दुप्पट झाले हे आता अधिकृत झाले. पण उताऱ्याने ते आधीच सांगितले होते आणि आपण ते मान्यही केले होते. प्रश्न आधाराबद्दल नाही, निष्कर्षाबद्दलही नाही. आधारापासून निष्कर्षापर्यंत जी उडी घेतली आहे, त्या उडीखालच्या रिकाम्या जागेबद्दल आहे. वर्गणी कमी झाली आणि सभासद वाढले, या दोन घटना एकापाठोपाठ घडल्या. 'त्यामुळे' हा शब्द लेखकाने मधे घातला. त्या 'त्यामुळे'ला कशाने आधार मिळतो? तिसऱ्या पर्यायाने. जिथे वर्गणी बदलली नाही तिथे सभासदही बदलले नाहीत, असे कळले की पिकांचे वर्ष, नवी शाळा, वाचनाची एखादी लाट अशा साऱ्या परिसरभर पसरणाऱ्या कारणांचा संशय मागे हटतो. चौथा पर्याय कार्यकारिणीच्या मनातले सांगतो, गावातले नाही. आणि पाचवा तर युक्तिवादाच्या मुळावरच येतो, कारण तो वाढीचे दुसरेच कारण पुढे आणतो. तरीही तो निवडणारे दोघे-तिघे निघाले. अभ्यासिका आणि सभासद यांचा संबंध त्यांना लगेच दिसला, आणि संबंध दिसला म्हणजे बळ मिळाले, असे त्यांनी धरले.

तिसऱ्या पर्यायावर एका चुणचुणीत मुलाने हरकत घेतली. "पण मॅडम, याने सिद्ध कुठे होते? याच गावात काहीतरी वेगळे घडले असेल." अगदी बरोबर. सिद्ध होत नाही. सिद्ध करा असे विचारलेलेही नाही. बळकटी आणि सिद्धता यांतले अंतर न ओळखणे हा आपल्या वादविवादांचा जुना रोग आहे. एक तर आपण एखादे मत पूर्णपणे सिद्ध झाले असे म्हणतो, नाही तर 'हे काही पुरावे नव्हेत' म्हणून उडवून लावतो. थोडे अधिक संभाव्य, बरेच अधिक संभाव्य, या पायऱ्यांवर उभे राहून बोलण्याचा सराव आपल्याला नाही. दुसऱ्या एकाने शेजारच्या तालुक्यांचे विधान खरे कशावरून, असे विचारले. प्रश्नातच 'खरे मानल्यास' म्हटले आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले होते. कादंबरी वाचताना पहिल्या पानावरच जग मान्य करून पुढे जाणारा हा वाचक इथे मात्र अडून बसला, याची मला गंमत वाटली.

शिकवणी वर्गांनी या प्रश्नांसाठी ज्या युक्त्या प्रचलित केल्या आहेत, त्यांतली एक तर सरळ दिशाभूल करणारी आहे. पर्याय उलटा करून पाहा, उलट केल्यावर युक्तिवाद कोसळला तर तो पर्याय बरोबर, असे सांगतात. ही कसोटी युक्तिवादाला अपरिहार्य असलेले गृहीतक शोधण्यासाठी आहे. बळकटी देणारे विधान अपरिहार्य असण्याची मुळीच गरज नसते. समजा सहावा पर्याय असा असता: नव्या सभासदांना विचारले असता बहुतेकांनी वर्गणी कमी झाल्याचे कारण सांगितले. याने युक्तिवादाला चांगलेच बळ मिळते. आता तो उलटा करा. कोणी कोणाला विचारलेच नाही, असे समजा. युक्तिवाद जिथल्या तिथे उभा आहे, त्याचे काहीच बिघडलेले नाही. पोटमाळ्याला दिलेला जादा टेकू काढून घेतला म्हणून घर पडत नाही. पण टेकू होता तोवर तो भार पेलत होताच.

इथवर ही परीक्षेची गोष्ट झाली. मला रस आहे तो यात भाषा कशी गुंतली आहे त्यात. वरच्या उताऱ्याचा निष्कर्ष मी वर्गात तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून दाखवला. 'वर्गणी कमी केल्यामुळे सभासद वाढले.' 'वर्गणी कमी केल्यामुळेच सभासद वाढले.' 'वर्गणी कमी केल्यामुळेही सभासद वाढले.' व्याकरणाच्या तासाला आपण 'च' आणि 'ही' यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणून एका ओळीत उरकतो आणि पुढच्या प्रकरणाकडे जातो. पण ही तीन वाक्ये म्हणजे तीन वेगळे युक्तिवाद आहेत. 'मुळेच' म्हटले की सभासदांना कारण विचारून भागणार नाही. बाकीची सारी कारणे नव्हती हे दाखवावे लागेल आणि अभ्यासिकेचा पाचवा पर्याय खऱ्या अर्थाने प्राणघातक ठरेल. 'मुळेही' म्हटले की अभ्यासिका उघडली तरी काही बिघडत नाही; वर्गणीचा थोडाबहुत हात होता एवढे दिसले तरी पुरे. एका अक्षराने सिद्धतेचा भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातो. हे मराठीत जितक्या कमी जागेत घडते तितके इंग्रजीत घडत नाही. आणि तरीही आपले विद्यार्थी निबंधात 'च' मिठासारखा टाकतात, चव यावी म्हणून. (आपणही टाकतोच. या लेखातले 'च' मी मुद्दाम मोजलेले नाहीत.)

याच ठिकाणी एका अन्यायाचाही उल्लेख केला पाहिजे. क्लॅट परीक्षा केवळ इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेली मुलगी तर्कात नव्हे, तर 'अनलेस' आणि 'ओन्ली इफ' या शब्दांत अडकते. माझ्या विद्यार्थिनीचे तेच झाले होते. तिचे चुकलेले प्रश्न आम्ही एकेक करून मराठीत मांडले, तेव्हा त्यांतले जवळजवळ निम्मे तिने न अडखळता सोडवले. परीक्षा तर्क तपासते असे म्हणायचे आणि प्रत्यक्षात भाषा तपासायची, हा प्रकार स्वतःच एक कच्चा युक्तिवाद आहे. मात्र उरलेले निम्मे मराठीतही चुकले, हे तितकेच खरे. त्याचे खापर माध्यमावर फोडता येत नाही.

हे सारे परकीय नाही, असे सांगण्याचा मोह मला होतो आणि तो मी अर्धाच आवरणार आहे. न्यायदर्शनाने अनुमानाची जी चिकित्सा केली, तिच्यात 'उपाधी' नावाची एक सुंदर संकल्पना आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' वाचलेल्यांना उदाहरण आठवेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान ठीक आहे. पण उलटे केले तर? डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असलाच पाहिजे. हे ठीक नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीपासून धुरापर्यंत जायचे तर मधे ओल्या इंधनाची अट लागते. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. आता कल्पना करा की प्रश्नपत्रिकेत 'डोंगरावर वणवा लागला आहे, म्हणून धूर दिसेल' असा उतारा आहे आणि पर्यायांत एक आहे, 'कालच पाऊस झाल्याने तिथली लाकडे ओली आहेत.' तेच उत्तर! बळकटी देणारे विधान म्हणजे पुष्कळदा दुसरे काही नसते; न बोललेली उपाधी या प्रसंगी पुरी झाली आहे, असे ते सांगत असते.

अर्धा मोह आवरतो तो असा. न्यायशास्त्राला हवी असते ती व्याप्ती, म्हणजे कुठेही न मोडणारे साहचर्य. एकही अपवाद सापडला की हेतू हेत्वाभासात जमा होतो. या चाचण्यांचे जग त्याहून सैल आहे. तिथे कमी-अधिक चालते, अपवाद चालतात. या सैल जगाचे वर्णन ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या 'द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट' या पुस्तकात जास्त नेमकेपणाने आले आहे. आकारिक तर्कशास्त्राऐवजी त्यांनी न्यायालयातील युक्तिवाद नमुना म्हणून समोर ठेवला. माहितीपासून दाव्यापर्यंत जाण्याचा परवाना कोणता, त्या परवान्यामागे पाठबळ काय, आणि 'बहुधा' किंवा 'अमुक नसेल तर' अशी कोणती पुस्ती दाव्याला जोडली पाहिजे, असे ते विचारतात. परीक्षेतला आपला प्रश्न बहुतेक वेळा हा परवानाच मागत असतो. तेव्हा 'आमच्याकडे हे सगळे आधीच होते' असे म्हणून टाळी घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे त्यातला एक महत्त्वाचा भाग होता आणि तो आपण मराठीच्या वर्गात कधी आणला नाही, एवढेच म्हणता येईल.

आता आपल्या घरात येऊ. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात लेख लिहून ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन वेगळे पुरुष होते, असा वाद उपस्थित केला. मराठी वाङ्मयेतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा वाद परीक्षेपुरता पाठ असतो: पूर्वपक्षाचे मुद्दे, उत्तरपक्षाचे मुद्दे, समारोप. या पद्धतीने तो मीही पंधरा वर्षे शिकवला. गेल्या वर्षी मी तो तर्कचाचणीच्या पद्धतीने शिकवला आणि माझाच त्याच्याविषयीचा समज बदलला.

त्यातला एकच धागा घ्या, भाषेचा. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची त्यामानाने अर्वाचीन. म्हणून कर्ते दोन. या युक्तिवादाला कशाने बळ मिळेल? विद्यार्थ्यांनी लगेच सांगितले, ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नाही आणि अभंगांत पदोपदी आहे. हा मुद्दा भारद्वाजांनीही मांडला होता आणि तो वजनदार आहे. पण भाषेच्या धाग्याला तो बळ देत नाही. तो त्याच निष्कर्षाकडे येणारा दुसरा, स्वतंत्र धागा आहे. निष्कर्ष अधिक संभाव्य झाला म्हणजे प्रत्येक युक्तिवाद बळकट झाला असे होत नाही. दहा कच्चे धागे एकत्र वळले की दोरखंड होतो अशी आपली समजूत असते. दोरखंड होतोही, पण त्यातला कोणता धागा तुटलेला आहे हे मग कोणी पाहत नाही.

भाषेच्या धाग्यातली रिकामी जागा कोणती? अभंग आज ज्या भाषेत मिळतात त्या भाषेत ते रचले गेले, हे धरून चालणे. तेव्हा त्याला खरे बळ देणारे विधान असे असेल: ज्ञानेश्वरीच्या काळाजवळच्या एखाद्या हस्तलिखितात हे अभंग याच अर्वाचीन वळणात सापडतात. तसे सापडले तर तोंडोतोंडी बदलाची शंका मिटेल. आणि दुबळे करणारे विधान? ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. एकनाथांनी तिचे पाठ शुद्ध केले शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली. कारण मधल्या काळात पाठभेद शिरले होते. लिहिलेला, जपलेला ग्रंथ जर तीनशे वर्षांत इतका बदलत असेल, तर वारीत आणि कीर्तनात ओठांवर राहिलेले अभंग किती बदलले असतील? भाषेवरून कर्त्याकडे जाण्याचा परवाना इथे संशयास्पद होतो. एका विद्यार्थिनीने नामदेवांची तुलना सुचवली. ते ज्ञानदेवांचे समकालीन, त्यांचे अभंगही तसेच मुखपरंपरेने आलेले. त्यांची भाषाही आज नवी वाटत असेल तर नवेपणाचे कारण प्रवासात आहे, कर्त्यात नाही. शेजारच्या तालुक्यांचाच हा पर्याय, फक्त उलट दिशेने वापरलेला! मला तो फार आवडला. मग दुसरीने सांगितले की नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आहे, तेव्हा तुलनेचा तालुकाच शुद्ध नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. वाङ्मयेतिहासाच्या तासाला असे घडल्याचे मला आठवत नाही.

कर्ते एक की दोन, याचा निकाल त्या तासाला लागला नाही आणि लागणार नव्हता. पण 'विद्वानांत मतभेद आहेत' या आपल्या लाडक्या वाक्याऐवजी मतभेद नेमका कोणत्या सांध्यावर आहे, हे त्या मुलांना बोटाने दाखवता आले.

आता थोडे स्वतःविषयी, कारण ते न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत मी एका ग्रामीण कथाकाराविषयी असे प्रतिपादन केले होते की, त्यांच्या कथांतील दुष्काळ हा त्यांच्या व्यक्तिगत अनुभवातून आलेला आहे. त्याच्या समर्थनार्थ मी त्यांच्या कथांतून बरीच अवतरणे दिली होती. कोरड्या विहिरी, ओस गोठे, शहराकडे निघालेले बैलगाडीभर संसार. मागच्या महिन्यात ती प्रबंधिका कपाटातून काढून वाचली. सगळी अवतरणे एकच गोष्ट सांगतात: या कथांत दुष्काळ आहे. ते कोणी नाकारलेच नव्हते! जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी तपासलेली नोंद मी पुन्हा पुन्हा जोडत गेले होते. त्या लेखकाने दुष्काळ पाहिला होता का, कधी, त्याच पिढीतल्या दुष्काळ न पाहिलेल्या लेखकांच्या कथांत तो वेगळा दिसतो का, यांपैकी एकाही दिशेला मी गेले नव्हते. मौखिकीत मला कोणी विचारलेही नाही. अवतरणे पुष्कळ होती, संदर्भ नीट होते, अभिनंदन झाले.

आणि दुसरे त्याहून टोचणारे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने एका कवितेविषयी रूढ मताच्या नेमके उलट लिहिले होते. त्याने दोनच ओळींचा आधार घेतला होता, पण त्या ओळींतला क्रियापदाचा काळ का महत्त्वाचा आहे हे त्याने समजावून सांगितले होते. मी त्याला दहापैकी चार दिले. त्याच गठ्ठ्यात टिपणांतला निष्कर्ष जसाच्या तसा उतरवून खाली असंबद्ध पाच अवतरणे देणाऱ्याला सात मिळाले. मी निष्कर्षाला गुण देत होते. सांध्याला गुण द्यायचे असतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तशी सवय नव्हती. तो मुलगा पुढे काय करतो मला माहीत नाही. मराठी घेऊन तो पुढे शिकला नाही, एवढे माहीत आहे.

माझे एक ज्येष्ठ सहकारी या सगळ्यावर म्हणाले, "अहो, कविता काय युक्तिवाद करते का? उद्या तुम्ही रसास्वादाला पण पाच पर्याय द्याल." त्यांचा पहिला प्रश्न रास्त आहे. कविता युक्तिवाद करत नाही. पण कवितेविषयी आपण जे बोलतो तो युक्तिवादच असतो, मग आपण त्याला आस्वाद म्हणा की समीक्षा. 'ही प्रतिमा मृत्यूची आहे' असे म्हणताक्षणी 'कशावरून?' या प्रश्नाला आपण बांधील होतो. ज्याला बांधील व्हायचे नसेल त्याने वाचून गप्प राहावे. तोही एक सुंदर प्रतिसाद आहे.

त्यांच्या दुसऱ्या वाक्यातली भीती मात्र मला झटकून टाकता येत नाही. या चाचण्यांत एक थंडपणा आहे. वाचनालयाची वर्गणी असो की फाशीची शिक्षा, चाचणीला दोन्ही सारखेच. 'खरे मानल्यास' या दोन शब्दांच्या आडून कोणत्याही बाजूला बळ देण्याचे कसब ती घडवते, आणि वकिलाला ते लागतेही. पण एखादा दावा मुळात करण्यासारखा आहे का, हे ती कधीच विचारत नाही. पहिल्या, उदात्त पर्यायाकडे धावणारे माझे विद्यार्थी उत्तर चुकले खरे. पण वर्गणी परवडणारी असली पाहिजे, हे त्यांना सर्वांत आधी दिसले, याचे मला दुःख वाटण्याचे कारण नाही. दीड मिनिटात पर्यायावर खूण करून पुढे सरकणाऱ्या परीक्षेत त्या दिसण्याला जागा नाही, एवढेच. आमच्या वर्गात दीड मिनिटाची अट नाही, ही आमची चैन आहे आणि तिचा उपयोग आम्हीच करायला हवा. उदात्त वाक्य आणि जोडणारे वाक्य यांतला फरक आधी दाखवायचा, मग उदात्त वाक्यावर हवे तितके बोलायचे. क्रम उलटला की दोन्ही हातचे जातात.

या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत मी एक प्रश्न घातला. भारद्वाजांचा भाषेचा युक्तिवाद चार ओळींत दिला आणि खाली पर्याय न देता विचारले: याला सर्वाधिक बळ देईल असे एक विधान तुम्ही स्वतः रचा, आणि ते का बळ देते ते पाच ओळींत सांगा. बहुतेकांनी वर्गात झालेले हस्तलिखिताचे उत्तर लिहिले. एकीने लिहिले की, ज्ञानेश्वरी रचणाऱ्यानेच रचल्याचे निर्विवादपणे ठरलेले एखादे गीत जर मुखपरंपरेने आलेले असूनही आपले जुने वळण टिकवून असेल, तर मुखपरंपरेत भाषा बदलतेच ही हरकत लंगडी होईल आणि भारद्वाजांच्या म्हणण्याला बळ मिळेल. पुढच्याच ओळीत तिने कंसात लिहिले आहे: असे एकच गीत मिळाले तर मात्र बळ थोडेच मिळेल, आणि ते निर्विवाद कसे ठरवणार हाच तर वाद आहे.

तिने स्वतःच्या उत्तराला स्वतःच सुरुंग लावला आहे. गुणपत्रक परवा द्यायचे आहे, आणि त्या चौकटीत मी अजून आकडा लिहिलेला नाही.